आमवात असताना कॅन्सरची इम्युनोथेरपी चालते का?

निपाणीच्या मामींना जुना आमवात, आता फुफ्फुसाचा कॅन्सर. इम्युनोथेरपी झेपेल का, असं विचारलंय.

आमवात आहे म्हणून दार बंद होत नाही, पण जपून. आपल्या टी पेशींवर (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सर तोच दाबून निसटतो. हे औषध ब्रेक सोडवतं. (असा ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो, या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं.) पण आमवातात मामींच्या याच पेशी आधीच सांध्यांवर उठलेल्या! ब्रेक सुटला की बोटं पुन्हा सुजू शकतात. बहुतेकदा ते स्टेरॉइडने आटोक्यात येतं. या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत असे रुग्ण सहसा घेतलेच नव्हते, म्हणून डॉक्टर चाचरतात.

खरी गोम गोळ्यांत आहे. सुरुवातीलाच रोज १० मिलीग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर इम्युनोथेरपीचा गुण कमी येऊ शकतो. आमच्या खानापूरच्या आत्याच्या कुंद्याच्या रिकाम्या डब्यात स्टेरॉइडच्या दोन पट्ट्या निघाल्या, नावं वेगळी, औषध एकच. फाईलवर एकच लिहिलेली. तेव्हा मामींचा गोळ्यांचा डबाच उचलून डॉक्टरांपुढे ठेवा. मनानं गोळी बंद मात्र करू नका, स्टेरॉइड एकदम तोडणं धोक्याचं. उपचार सुरू झाल्यावर जुलाब लागले किंवा धाप वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.