बारवांचा नकाशा: ठिपके समुद्रात का पडले?

जुन्नर तालुक्यातल्या बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, यादी तुम्ही शीटमध्ये केलीत, यूमॅप या ऑनलाइन नकाशा बनवायच्या साधनावर चढवलीत आणि सगळे ठिपके नॉर्वेच्या वर समुद्रात जाऊन पडले. आता क्यूजीआयएस हे नकाशांचं मोठं सॉफ्टवेअर शिकायला घेऊ का, असं विचारताय. एवढ्यासाठी मुळीच नको.

जुन्नर साधारण 19.2 अक्षांश आणि 73.88 रेखांशावर आहे. हे आकडे उलटे वाचले गेले की थेट नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधला समुद्र. गूगल मॅप्सवर उजवी टिचकी मारली की अक्षांश आधी मिळतो, जिओजेसन या नकाशाचा डेटा ठेवायच्या फाइलमध्ये मात्र रेखांश आधी लिहायचा असतो. तुमच्या दोन रकान्यांचे मथळे अदलाबदल झालेले दिसतात. ते इंग्रजी अक्षरांत लॅट (lat) आणि लॉन (lon) असे नीट लावा, काम झालं. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात त्याचंही तसंच: एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) काढू नका, देवनागरी अक्षरं नीट जपणारी यूटीएफ-8 वाली काढा. गूगल शीट्समधून उतरवली तर हा प्रश्नच येत नाही.

समुद्रात पडलेला ठिपका निदान दिसतो तरी. मला काळजी वाटते ती तालुक्यातच, पण चुकीच्या शिवारात पडलेल्या ठिपक्यांची. जुन्या नोंदींत 19 अंश 12 मिनिटं असं असतं. ते 19.12 नव्हे, 19.20 होतं, कारण 12 ला 60 ने भागायचं. फरक जेमतेम 0.08 अंशाचा, पण जमिनीवर जवळजवळ नऊ किलोमीटर! नुसत्या गावाच्या नावावरून जागा शोधलीत तरी हाच घोळ. एकट्या जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आहे, वडगाव कांदळी आहे, वडगाव सहाणीही आहे.

म्हणून जमेल तिथली नोंद स्वतः जाऊन घ्या. पायऱ्या उतरून खाली गेल्यावर फोनला आकाश पुरेसं दिसत नाही आणि जागा भरकटते. काठावर मोकळ्यात उभं राहून थोडं थांबा, मग आकडा टिपा. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर. फोनची अचूकता तेवढीही नसते, त्यामुळे पुढचे आकडे खुशाल टाकून द्या. शीटमध्ये 'कधी पाहिली' हा रकाना हवाच. 'पाणी आहे' या नोंदीला मे महिन्यात एक अर्थ असतो आणि सप्टेंबरात दुसरा. शिलालेख, पायऱ्यांची दिशा, फोटोचा दुवा यांना वेगवेगळे रकाने द्या, सगळं 'माहिती' या एकाच खणात कोंबू नका. पुढे फक्त शिलालेख असलेल्या बारवा दाखवायच्या म्हटलं की हेच वेगळे रकाने कामाला येतात.

साधनांबद्दल थोडक्यात. गूगल माय मॅप्स सोपं आहे, दहा थर मिळतात, तालुक्याला पुरून उरतात. माझी पसंती यूमॅपला, कारण खाली ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा असतो आणि आपला डेटा हवा तेव्हा बाहेर काढता येतो. छापताना ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय मात्र खोडू नका. पुढे या बारवा ओपनस्ट्रीटमॅपमध्येच नोंदवायच्या असतील, तर गूगलवरून उचललेले आकडे तिथे चालत नाहीत, स्वतः टिपलेलेच हवेत. पुस्तिकेत अख्ख्या भारताचा नकाशा देणार असाल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच ठेवा. त्यावर 1961 चा कायदा आहे.

क्यूजीआयएस घ्यायचंच तर जुना कागदी नकाशा आताच्या नकाशावर बसवायचा असेल, किंवा ओढ्यापासून प्रत्येक बारव किती दूर हे मोजायचं असेल, तेव्हा घ्या.

आणि एक. बऱ्याच बारवा खासगी शेतात आहेत. मालकाला विचारल्याशिवाय ठिपका टाकू नका. आडरानातल्या, पडक्या बारवांचा तर नेमका बिंदू सार्वजनिक नकाशात देऊच नका, कारण गुप्तधनाच्या नादाने उकरणारेही नकाशे वाचतात. अशांसाठी गावठाणावर ठिपका ठेवा आणि खरा आकडा आपल्या शीटमध्ये राहू द्या. यूमॅपवर संपादनाचा हक्क सर्वांना खुला नाही ना, तेही आजच तपासा.