डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये विझर्डच्या हाती दुष्ट पोथी द्यायची आहे. ती कशी असावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र वठवत आणि फासे टाकत रंगवायचा गोष्टीचा खेळ. तुमच्या गटातल्या विझर्डला, म्हणजे मंत्र वापरणाऱ्या जादूगार पात्राला, पडक्या देवळात मंत्रांची एक दुष्ट पोथी सापडणार आहे, आणि तुम्हाला धास्ती अशी की एक तर तिला कुणी हातच लावणार नाही, नाहीतर ती मिळाली की सगळा खेळ विस्कटेल. मी दादरला दर रविवारी दुपारी डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा म्हणून, बसतो, आणि अशी एक पोथी आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे डावामागून डाव पुढे चाललेल्या गोष्टीत, गेलं वर्षभर आहे. अनुभवाने एक गोष्ट पक्की झाली: पोथीने खेळाडूला फसवू नये. तिने खरी मदत करावी आणि किंमत आधीच सांगावी.

खेळात अशी एक गाजलेली पोथी आहेच, 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस'. ती वेक्ना या खेळातल्या दुष्ट देवाने लिहिली असं मानतात. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तिचा फायदा मिळायला ती 80 तास वाचावी लागते. मग तुमच्या पसंतीची एक क्षमता 2 ने वाढते आणि दुसरी 2 ने घटते. ही देवाणघेवाण मला फार आवडते. पण पुढे मला पटत नाही. तिला आपलीशी करणारा दुष्ट नसेल तर त्याने करिश्माचा 17 चा सेव्ह करायचा, म्हणजे फासा टाकून 17 गाठायचे, आणि तो हुकला की त्याची अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा चांगला-वाईट कल, थेट न्यूट्रल इव्हिल, म्हणजे दुष्ट! सहा महिने जीव लावून वाढवलेलं पात्र एका फाशाने खेळाडूच्या हातातून काढून घ्यायचं? मी तसं कधीच करणार नाही. माणूस वाईट मार्गाला लागतो तो एकेक पाऊल टाकत, आणि प्रत्येक वेळी 'एवढ्या एकदाच' म्हणत. ते पाऊल खेळाडूने स्वतः टाकलं पाहिजे.

म्हणून विझर्डला रोज काय अडतं ते बघा. नवा मंत्र स्पेलबुकात, म्हणजे विझर्डच्या मंत्रांच्या वहीत, उतरवायला मंत्राच्या दर लेव्हलमागे 2 तास आणि 50 सोन्याची नाणी लागतात. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल 6 तास आणि 150 नाण्यांना पडतो. आमची पोथी ना वेळ मागते, ना पैसा. मंत्र त्याच क्षणी तुमचा. बदल्यात कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरच्या, पूर्वायुष्यातली एक ओळ खोडायची. कुठली, ते खेळाडूने ठरवायचं. जे खोडलं ते त्या पात्राला यापुढे आठवत नाही.

पोथी मी खरोखरच बनवली. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून जाडा कागद आणला, लांबट पानं कापली, चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकली. जून अखेर होती, चार दिवस पानं वाळेनात आणि त्यांना कुबट वास लागला. तो वास मी मुद्दाम राहू दिला. वरखाली दोन फळ्या, भोवती बासन. बासन लाल मात्र घेतलं नाही, काळं घेतलं. आपल्या घरात पोथी म्हणजे आजीने डोळ्यांना लावून उघडायची वस्तू, त्यामुळे गाठ सोडतानाच सगळे गप्प झाले.

पहिले तीन रविवार कुणी फिरकलं नाही. चौथ्या रविवारी दोघांची पात्रं शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे मरणाच्या दारात, पडली होती, मागचा रस्ता बंद होता. आमची विझर्ड खेळणारी मुलगी बराच वेळ शीटकडे बघत बसली. मग तिने खोडरबर घेतलं आणि पात्राच्या आजीचं नाव खोडलं, त्याच आजीचं जिने तिला पहिला मंत्र शिकवला होता. रबराचा भुगा फुंकला आणि म्हणाली, "वाचते." पडलेले दोघेही बचावले. पुढच्या गावात एक म्हातारी तिला नावाने हाक मारत आली, तेव्हा ती खेळातही आणि टेबलावरही नुसती बघत राहिली. त्या दिवशी फासे फारसे पडलेच नाहीत.

दोन गोष्टी आवर्जून पाळा. खेळ सुरू करण्याआधी कुणाला कुठला विषय नको आहे ते विचारून घ्या. आणि पोथीत खरे मंत्र, खऱ्या देवतांची नावं, करणी-भानामतीचे विधी अजिबात घालू नका. आपल्याकडे या गोष्टींपायी खरी माणसं मारली गेली आहेत, 2013 साली त्यासाठी कायदा करावा लागला. लिपीसुद्धा मनाने रचा, मी मोडीसारखी दिसणारी पण न वाचता येणारी वळणं काढली.

नष्ट कशी करायची तेही आजच ठरवून ठेवा, खेळाडू विचारणारच. त्या गाजलेल्या पोथीचे एखाद्या सोलारने, म्हणजे बलाढ्य देवदूताने, दोन तुकडे केले तरी ती 1 ते 100 वर्षांत कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यात पुन्हा तयार होते. आमचीला मी वेगळी अट घातली आहे: खोडलेली प्रत्येक ओळ ज्याची त्याने दुसऱ्या कुणाकडून ऐकून परत लिहायची. आमच्या विझर्डच्या चार ओळी गेल्या आहेत. आजीचं नाव तिला परवाच्या रविवारी मिळालं, अजून तीन उरल्यात.