फुलपाखराखालची तपकिरी भुकटी आणि इतर प्रश्न

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात टाचणीला लावलेल्या कीटकांच्या जुन्या पेट्या आहेत. काही फुलपाखरांखाली तपकिरी भुकटी जमली आहे, दोन-तिघांचे पंख गळून पडलेत. डांबरगोळ्या टाकल्या तरी भुकटी वाढतेच आहे. काय करावं?

उत्तर : ही धूळ नव्हे. फुलपाखरू खाणाऱ्या अळ्यांची ती विष्ठा आहे आणि तिच्यात फुलपाखराचा चुरा मिसळलेला आहे. भिंगाखाली धरा. केसाळ, पोकळ काती दिसल्या तर अँथ्रेनस नावाचा भुंगेरा पेटीत आहे असं समजा. प्रौढ भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि बाहेर फुलांवर परागकण खातो. खिडकीतून आत येऊन तो पेटीच्या फटीशी अंडी घालतो. पुढचं सगळं नुकसान अळी करते. ती नमुन्याला आतून पोखरते, त्यामुळे वरून धडधाकट वाटणारं फुलपाखरू हात लागताच कोसळतं.

डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांच्या वासाने भुंगेरे थोडेफार दूर राहतात. पण झाकण घट्ट बसत नसेल तर पेटीत वाफ पुरेशी साठत नाही आणि आतल्या अळ्या जगतात. शिवाय ती वाफ पेटी हाताळणाऱ्यांना अपायकारक आहे. तळाला थर्माकोल असेल तर तो मऊ पडतो आणि टाचण्या कलंडतात. गोळ्या काढून टाका.

खात्रीचा उपाय थंडीचा. पेटी आडवीच ठेवून जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, जमेल तेवढी हवा काढा आणि तोंड चिकटपट्टीने बंद करा. उणे ३० अंशांचा डीप फ्रीझर मिळाला तर तीन दिवस पुरतात. घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांपर्यंतच जातो, त्यात पूर्ण दोन आठवडे ठेवा. फ्रीझर एका वेळी खचाखच भरू नका. पेट्या सावकाश गार झाल्या तर अळ्यांना थंडीची सवय व्हायला वेळ मिळतो आणि काही वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी निदान २४ तास उघडायची नाही. हवेतला ओलावा गार पृष्ठभागावर धरतो. पिशवी बंद असली तर तो पिशवीच्या बाहेर राहतो, उघडली तर पंखांवर बसतो आणि मागोमाग बुरशी येते. घाई इथेच नडते.

मग मऊ कुंचल्याने सगळी भुकटी काढा आणि वहीत तारीख टाका. हे केवळ टापटिपीसाठी नाही. पेटीचा तळ स्वच्छ असला तरच पुढच्या पाहणीत दिसलेली चिमूटभर भुकटी नवी आहे हे कळेल. दर महिन्याला पेट्या पाहा आणि खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले भुंगेरे दिसतात का तेही बघा. खोलीत येणारी प्रत्येक नवी पेटी आधी फ्रीझरमधून काढून मगच कपाटात ठेवा.

गळालेले पंख फेकू नका. कागदाच्या लहान पाकिटात घालून ते पाकीट त्याच टाचणीला लावा. टाचणीवर नुसतं धड उरलं असलं, पण त्याखाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेलं लेबल असलं, तर तो नमुना आम्ही नक्की जपू. लेबल नसलेलं अखंड, देखणं फुलपाखरू शोभेला ठीक. संशोधनाला त्याचा उपयोग फार थोडा. नवीन लेबलावर महिना रोमन अंकात लिहा. ४/७/९८ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल, आणि कोणत्या शतकातलं, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : एकाच जातीच्या पक्ष्याच्या शे-दीडशे कातड्या संग्रहालयात कशाला ठेवतात? हल्ली उत्तम फोटो मिळतात. एक नमुना पुरे नाही का?

उत्तर : जातीचं नाव ज्यावर ठरतं तो नमुना, म्हणजे होलोटाइप, एकच असतो हे खरं. पण नर-मादी, पिल्लू-प्रौढ, ऋतू, प्रदेश यांनुसार एका जातीत किती फरक पडतो हे एका पक्ष्यावरून कसं कळणार?

काळाचा प्रश्न तर त्याहून मोठा. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची अंडी घरट्यातच फुटू लागली होती. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने संग्रहांतली जुनी अंडी काढली. आतला बलक पूर्वीच काढलेला होता, रिकामी कवचं उरली होती. रॅटक्लिफ यांनी कवचाचं वजन घेतलं, त्याला लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकाराने भागलं आणि मिळालेले आकडे वर्षवार मांडले. १९४७च्या सुमारास कवचं एकाएकी पातळ झालेली दिसली, म्हणजे डीडीटीचा वापर पसरू लागला तेव्हाच. हे निष्कर्ष १९६७मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी गोळा करणाऱ्या कुणाच्याही मनात कीटकनाशक नव्हतं. अंड्यांवर तारखा होत्या म्हणून हे जमलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७मध्ये असंच १३५ वर्षांतल्या हजारावर पक्ष्यांच्या पिसांवरची काजळी मोजून कोळशाच्या धुराचा चढउतार दाखवला. क्वागा हा झेब्र्याचा प्रकार १८८३मध्ये संपला. १९८४मध्ये त्याच्या वाळक्या कातड्यातून डीएनए मिळाला. यातलं काहीच फोटोतून साधलं नसतं.

तरी तुमच्या प्रश्नामागची काळजी रास्त आहे. नव्याने पक्षी मारण्याआधी काचेवर आपटून किंवा रस्त्यावर मेलेले पक्षी, परवानगी असेल तिथे, वापरावेत. एक सूचना : जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावलेला असू शकतो. हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावू नका.

प्रश्न : लाकडी कपाटातल्या शिंपल्यांवर पांढरी पूड येते. पुसली तरी पुन्हा येते. ही बुरशी आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ओकसारखं लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ निघते. ती शिंपल्यातल्या चुन्याशी संयोग पावून क्षार तयार करते आणि दमट हवेत हे भराभर होतं. शिंपले साध्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. मग धातूच्या कपाटात, आम्लविरहित कागदावर ठेवा. व्हिनेगरने अजिबात धुऊ नका. गेलेली चकाकी परत येत नाही.

प्रश्न : बरणीतल्या माशांवरचं अल्कोहोल उडून कमी झालं की आम्ही ७० टक्क्यांचं इथेनॉल वरून ओततो. तरी मासे मऊ पडू लागलेत. असं का?

उत्तर : उडतं ते मुख्यतः अल्कोहोल, पाणी मागे राहतं. त्यामुळे उरलेला द्रव ७० टक्क्यांचा नसतोच. वरून ७० टक्क्यांचं घातलं तरी सरासरी खालीच राहते आणि दर वर्षी ती आणखी उतरते. ५० टक्क्यांखाली नमुना सडण्यापासून वाचत नाही.

द्रव मोजपात्रात काढून त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, सोडा. २० अंश सेल्सिअसला ७० टक्के इथेनॉलची घनता ०.८९च्या आसपास असते, ५० टक्क्यांची ०.९३. वाचन १च्या किंचित वर आलं तर बरणीत फॉर्मेलिन, म्हणजे नमुने टिकवण्याचं दुसरं, विषारी द्रावण, असण्याची शक्यता धरा, इथेनॉल ओतू नका. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न तर मुळीच नको.

वाचन ०.९३ किंवा त्याहून जास्त, पण १च्या आत असेल तर द्रव पूर्ण बदला. ९५ टक्के इथेनॉलचे ७० मिलिलिटर आणि शुद्ध पाण्याचे २५ मिलिलिटर मिळून साधारण ७० टक्क्यांचा द्रव होतो. माशाच्या आकारमानाच्या निदान दुप्पट द्रव हवा. माशांनी ठासलेल्या बरणीत त्यांच्याच अंगातलं पाणी सुटून अल्कोहोल पातळ होतं. द्रव नुसता पिवळा दिसतो म्हणून घाबरू नका, तो विरघळलेल्या चरबीचा आणि रंगाचा असतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही आत्ताच बदला, गळती तिथूनच होते.

लेबल बरणीच्या आत टाका, शिसपेन्सिलीने लिहिलेलं. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि बाहेर चिकटवलेला कागद कधीतरी सुटून पडतो.