मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे चक्कर येत असेल, तर ऑपरेशन करावे का?

तुम्ही लिहिले आहे की सासूबाईंचे वय 64 आहे, कूस बदलताना आणि माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना त्यांना घेरी येते, एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी झिजलेली दिसली आणि गादी काढून मणके जोडले की चक्कर जाईल, असे सांगण्यात आले. मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे मुख्यतः तोल जाण्याचे व चक्करेचे रुग्ण येतात. त्यामुळे ऑपरेशनच्या तंत्रापेक्षा ते कशासाठी करायचे, याबद्दलच लिहितो.

साठीनंतर अशी झीज बहुतेकांच्या मानेत दिसते, आयुष्यात कधी घेरी न आलेल्यांच्याही. चक्कर मानेचीच आहे, हे एकट्याने सिद्ध करणारी चाचणी नाही. बाकीची कारणे वगळत तिथवर यावे लागते. कूस बदलताना येणारी चक्कर म्हटली की माझे लक्ष आधी कानाकडे जाते. अंतःकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की नेमके असेच होते. तपासणीत रुग्णाचे डोके 45 अंश वळवून त्याला झटकन आडवे केले, की काही क्षणांनी बुबुळे गोलाकार झटके देऊ लागतात आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतात. निदान पक्के झाले, तर एप्लीच्या पद्धतीने डोके क्रमाने फिरवून पुष्कळदा एक-दोन बैठकींतच आराम पडतो. मानेचा पट्टा घालून येणाऱ्या किती तरी जणांचा पट्टा इथेच सुटतो. मात्र सासूबाईंची मान झिजलेली असल्याने हे घरी करून पाहू नका. जाणकार माणूस मान न ताणता, कुशीवर झोपवूनही तपासू शकतो.

ऑपरेशनला खरा आधार मिळतो तो दोन परिस्थितींत. पहिली, मज्जारज्जूवर दाब असणे. अशा वेळी रुग्ण जिला चक्कर म्हणतो ती पुष्कळदा अडखळणारी चाल असते; ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, हातातली वाटी निसटते. तसे असेल तर मात्र चालढकल करू नये, कारण ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड थांबवणे हाच असतो. दुसरी परिस्थिती दुर्मीळ आहे: मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी धमनी मान ठरावीक बाजूला पूर्ण वळवताच हाडाच्या वाढीमुळे दबते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मान सरळ केली की थांबते. 1978 मध्ये धनुर्विद्येचा सराव करताना झालेल्या अशा विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. मान वळवलेल्या स्थितीत अँजिओग्राफी करून दाब दिसला, तरच ते हाड काढण्याचा किंवा मणके जोडण्याचा विचार होतो.

नस दबल्याने हातात उतरणाऱ्या कळांसाठी गादी काढलेल्या काही रुग्णांची चक्करही कमी झाल्याचे अहवाल आहेत, आणि झिजलेल्या गादीतून व मानेच्या खोल स्नायूंतून मेंदूला चुकीचे संदेश जातात, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे. पण केवळ चक्करेसाठी मान उघडावी, एवढे बळ मला त्या पुराव्यात दिसत नाही. गिळताना त्रास होणे, आवाज बसणे, पुढे शेजारच्या गादीवर ताण येणे, हे धोके खरे आहेत.

म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या, रक्तदाब झोपून आणि उभे राहून मोजा, गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि मग सर्जनना थेट विचारा की हे ऑपरेशन मज्जारज्जूसाठी आहे, नसेसाठी आहे की फक्त चक्करेसाठी. मध्येच बोलणे जड झाले, एकाचे दोन दिसू लागले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर यातले काहीही न करता त्यांना तडक इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.