साहेबाला 'तू' म्हणणारी पोलीस

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वाचनकट्ट्यावर या वेळी एक स्वीडिश पोलीसकादंबरी इंग्रजीतून वाचली. नुकतीच खात्यात लागलेली मुलगी प्रमुखाला सरळ पहिल्या नावाने हाक मारते, चुकला तर तोंडावर सांगते. निम्म्या लोकांना ती उद्धट वाटली, काहींना साहेबच मिळमिळीत वाटला, आणि एकाने तर या दोघांचं नक्की काहीतरी 'आहे' असं धरून शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली. मूळ स्वीडिशमध्ये ती दोघं एकमेकांना तू म्हणतात की तुम्ही? मराठीत आणायचं तर काय वापरावं? आणि जाता जाता, नॉर्वेच्या हॅरी 'होल'चा खरा उच्चार काय?"

मूळात 'तू'च असतं. मात्र ते मराठीतलं 'तू' नव्हे, आणि तुमच्या कट्ट्यावरच्या तिन्ही प्रतिक्रिया मराठी 'तू'ला आलेल्या आहेत. इंग्रजीत एकच सर्वनाम, त्यामुळे वाचताना तू-तुम्ही आपण मनातल्या मनात भरतो. साहेबाला नावाने हाक ऐकली की आपल्या कानाला दोनच शक्यता दिसतात, भांडण किंवा प्रेम. संशय धरणाऱ्या गृहस्थांचा म्हणूनच मला राग येत नाही. मराठीच्या हिशेबाने त्यांचा तर्क बरोबरच होता.

स्वीडिशमध्ये सर्वनामं दोन. 'दू' एकवचनी, 'नी' अनेकवचनी. वरवर पाहता आपल्या तू-तुम्हीचीच जोडी. 'नी'चा जन्म मोठा गमतीचा आहे. जुनं सर्वनाम होतं नुसतं 'ई'. त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदाला शेवटी 'न' लागायचा, 'हावेन ई' असं काहीसं. बोलण्याच्या ओघात तो 'न' क्रियापदाला सोडून सर्वनामाला जाऊन चिकटला आणि 'ई'चा 'नी' झाला.

पण या 'नी'ला 'तुम्ही'ची प्रतिष्ठा कधी लाभली नाही. समोरच्याचा हुद्दा, किताब किंवा निदान आडनाव ठाऊक असेल तर तेच वापरायचं, आणि ज्याला यातलं काहीच लावता येत नाही त्याला 'नी' म्हणायचं, अशी रीत पडली. त्यामुळे 'नी' म्हणणं म्हणजे 'तू कोणी नाहीस' असं सुचवणं. मग आदर दाखवायचा कसा? तृतीय पुरुषात. डॉक्टरांच्या समोर उभं राहून डॉक्टरांनाच विचारायचं, 'डॉक्टर कॉफी घेणार का?' हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 'साहेब चहा घेणार ना?', 'काकू आज गप्प का?' हे आपण रोज म्हणतो. फरक इतकाच, की आपल्याकडे ती एक लकब आहे, अर्धी आदराची, अर्धी लाडाची. त्यांच्याकडे ते प्रत्येक वाक्यात पाळावं लागे, आणि एका संभाषणात 'श्रीयुत संचालक' दहादा आले तरी सुटका नसे.

हुद्दाच माहीत नसला की पंचाईत. मग कर्ताच गाळायचा: 'कॉफी घेतली जाणार का?' या धर्तीची वाक्यं तिथे सर्रास होती. इथे मराठी माणसाला हसू यावं, कारण तू की तुम्ही हे ठरत नसलं की आपणही हेच करतो. वयाने लहान पण नात्याने मोठा असा पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, 'कधी येणं झालं?', 'जेवण झालं ना?', 'आता कुठं निघायचं?' कर्ता गाळलेल्या अशा वाक्यांनी आजवर किती घरांची अब्रू राखली आहे याकडे व्याकरणाच्या पुस्तकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही.

किताब सोडून 'दू'वर यायचा तिथे रीतसर विधीच होता. दोघांपैकी जो वयाने किंवा पदाने मोठा, त्यानेच प्रस्ताव मांडायचा. बहुधा हातात पेला घेऊन. धाकट्याने आपण होऊन 'दू' म्हटलं तर ती आगळीक.

हे सगळं विसाव्या शतकाच्या साठीत कोसळलं. 1967 साली ब्रूर रेक्सेड हे देशाच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं, की आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार. (वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचं असेल. मज्जारज्जूतल्या थरांना ज्यांचं नाव आहे ते रेक्सेड हेच.) लाट आधीच उठलेली होती, त्यांनी तिला सरकारी शिक्का दिला. 1969 मध्ये ओलोफ पाल्मे पंतप्रधान झाले तेव्हा पत्रकार आणि ते एकमेकांना 'दू' म्हणत होते. पुढच्या काही वर्षांत शाळेतली मुलं शिक्षकांना, रुग्ण डॉक्टरांना, शिपाई आयुक्तांना 'दू' म्हणू लागले. सुटला तो राजा. त्याच्याशी बोलताना आजही 'राजेसाहेबांना काय वाटतं?' असा तृतीय पुरुष चालतो.

म्हणजे तुमच्या कादंबरीतली ती मुलगी साहेबाशी सलगी करत नाही, की त्याचा पाणउतारा करत नाही. तिच्या भाषेत त्याला दुसरं काही म्हणण्याची सोयच उरलेली नाही. उलट तिने 'नी' म्हटलं असतं तर साहेबाने चमकून वर पाहिलं असतं.

आता मराठीचा प्रश्न. 'दू' दिसला की 'तू' लिहायचा, हा मार्ग सरळ आणि चुकीचा. कारण चौकशीचे प्रसंग बघा. स्वीडिश पोलीस संशयिताला 'दू' म्हणतो आणि संशयितही त्याला 'दू'च म्हणतो. मराठीत दोघांच्या तोंडी 'तू' घातलात तर दोन ओळींत गचांडी धरल्यासारखं वाटेल. पोलिसाला 'तू' आणि संशयिताला 'तुम्ही, साहेब' दिलंत तर ते आपलं ठाणं झालं, 'बोल, काल रात्री कुठं होतास?' असं दरडावणारं. मूळातली खरी गोष्ट आहे बरोबरी, दोन्ही बाजूंनी एकच सर्वनाम असणं. ती राखायची तर अनोळखी माणसांत दोन्हीकडून 'तुम्ही' ठेवावं असं माझं मत.

सहकाऱ्यांमध्ये मात्र मी 'तू' ठेवीन, हुद्दा कितीही वरखाली असो. पहिली नावंही तशीच ठेवीन, आणि 'साहेब', 'सर', 'मॅडम' हे शब्द त्या कचेरीत फिरकू देणार नाही. एका 'सर'ने सगळी कचेरी मुंबईची होते. वाचकाला पहिली वीसेक पानं खटकेल. खटकू द्यावं. वरिष्ठाच्या टेबलावर बसून त्याच्याशी वाद घालणारी कनिष्ठ माणसं हा त्या कादंबऱ्यांच्या चवीचा भाग आहे, आणि तो गुळगुळीत केला तर उरतो फक्त खून आणि बर्फ.

याला एक अट आहे, साल पाहायचं. माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश लेखकजोडीची मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावरची मालिका, दहा कादंबऱ्या, 1965 ते 1975 या काळातली. नेमकी हीच दहा वर्षं भाषेच्या उलथापालथीची. तिच्या पहिल्या पुस्तकाला आणि शेवटच्या पुस्तकाला एकच माप लावणं मला पटत नाही. पहिल्यात 'तुम्ही' आणि हुद्दे सढळ हाताने वापरावेत, आणि पुढच्या पुस्तकांत ते हळूहळू विरळ करावेत. हेनिंग मांकेलचा पोलीस अधिकारी वालांडर 1991 साली आला, स्टीग लार्सनची पहिली कादंबरी 2005 साली. तिथे हा प्रश्न मिटलेला आहे.

एक सवलत मी मराठीला देईन. आपल्याकडे राग चढला की माणूस 'एकेरीवर येतो'. स्वीडिशमध्ये 'अरे-तुरे करणे' आणि 'अहो-जाहो करणे' यांसाठी 'दूआ' आणि 'नीआ' अशी सुटसुटीत क्रियापदं आहेत, पण सगळेच एकेरीवर राहत असल्यामुळे एकेरीवर येण्याची धार त्या भाषेने गमावली. तिथला लेखक राग दाखवायला शिवी वापरतो, खुर्ची सरकवतो किंवा पात्राला गप्प बसवतो. मराठीत चौकशी 'तुम्ही'ने चालू असताना नेमक्या क्षणी अधिकारी 'खोटं बोलतोयस तू' म्हणाला, तर पान जिवंत होतं. ते मूळात नाही हे खरं, पण अख्ख्या पुस्तकात एक-दोनदा केलं तर मी अनुवादकाला माफ करीन.

सर्वनाम टाळून सुटका होणार नाही, हेही सांगायला हवं. मराठीत क्रियापदच चुगली करतं: 'आलास' की 'आलात', 'बस' की 'बसा'. हाक मारायची तरी 'अरे' की 'अहो' ठरवावं लागतं. आणि निवेदकाचं काय? 'बेक खिडकीपाशी गेला' की 'गेले'? इथे मी जराही घुटमळणार नाही. रहस्यकथेतल्या नायकाला एकेरी ठेवण्याची आपली जुनी परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार 'आला', 'आले' नव्हे, आणि वाचकांना तो तसाच आवडला. शोवाल-वालोंची एक खोड मात्र जपावी. त्यांचा निवेदक नायकाला बहुतेक ठिकाणी पूर्ण नावाने, 'मार्टिन बेक' असंच म्हणतो, तर त्याचा सहकारी नुसता 'कोलबेरी'. जवळचा असूनही थोडा लांब ठेवलेला, असा तो नायक आहे.

आइसलंडची कादंबरी हाती आली तर हिशेब पुन्हा बदलतो. आर्नाल्दूर इंद्रिदासोनचा अधिकारी एर्लेंदूर स्वेन्सन सगळ्यांसाठी 'एर्लेंदूर' आहे, कारण 'स्वेन्सन' हे आडनावच नाही, 'स्वेनचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ. तिथे दूरध्वनीची यादीसुद्धा पहिल्या नावाने लावत. त्याला 'श्री. स्वेन्सन' म्हणणं म्हणजे विठ्ठल केशव पाटलांना 'केशवराव' म्हणून हाक मारणं.

राहिला हॅरी. यू नेस्बोच्या या नायकाच्या आडनावात इंग्रजी भोक नाही. नॉर्वेजियन उच्चार 'हूले' असा दोन अक्षरी आहे.