गोळ्या का सुटल्या, हे आधी विचारा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एचआयव्हीबाधित आहे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रावर (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) जातो. आईनं त्याचं ताट-वाटी वेगळं केलंय. दिवाळीपासून त्यानं गोळ्या सोडल्यात. रात्ररात्र जागतो. परवा म्हणाला, "कशाला जगायचं?" मानसोपचार डॉक्टरांकडे न्यावं, तर आधीच एक ठपका, त्यात 'वेडा' हा दुसरा. काय करू?
– एक बहीण, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी त्याच्या त्या बोलण्याचं बघू. आजच त्याला जवळ बसवून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तसं मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. धोका आत्ताच वाटला तर कशाचीही वाट न बघता सिव्हिलला न्या.

आणि हो, मानसोपचार डॉक्टरांकडे न्याच. मी बरीच वर्षं एआरटी केंद्रावर समुपदेशन केलं. गोळ्या सोडणाऱ्याला घरचे बेफिकीर म्हणतात. मला त्यांच्यात खचलेली माणसंच जास्त दिसली. केंद्रावर उरलेल्या गोळ्या मोजतात. कुणी रागावेल या धास्तीनं काही जण येण्याआधी त्या गटारात टाकून देत. हिशोब जुळायचा आणि अंगात विषाणू वाढत राहायचा. म्हणून भावाला सांगा, किती गोळ्या चुकल्या ते खरं सांग. त्यावरूनच डॉक्टर व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासायचा का, औषध बदलायचं का ते ठरवतील.

नैराश्याची बरीच औषधं एआरटीबरोबर चालतात, पण दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं दाखवा. मानसोपचारात कधी कधी देतात त्या कार्बामाझेपिनसारख्या गोळीनं एआरटीतल्या डोल्युटेग्रावीर या औषधाचा असर कमी होतो. डोल्युटेग्रावीरनं काहींची झोपही उडते. तसं असेल तर गोळी सकाळी घेता येईल का, हे केंद्रावर विचारा.

दूरच्या केंद्राची ये-जा झेपत नसेल तर जवळच्या केंद्रावर नोंद हलवून घेता येते. ओळख फुटण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला बंदी आहे. केंद्रावर कुणी तोंड उघडलं तर तक्रार करा.

ताटाचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. जेवणातून, भांड्यांतून एचआयव्ही पसरत नाही, हे आईलाही कुणी तरी सांगितलं असेलच. भीती सांगून जात नाही. भाऊ हो म्हणाला तर तिला समुपदेशकाकडे घेऊन जा, तिचे प्रश्न तिला विचारू द्या. तोवर तुम्ही त्याच्याच ताटात त्याच्याबरोबर जेवा, आईच्या समोर.