सां लोराँचे दोन सिनेमे: कपडे खरे म्हणून सिनेमा खरा?

प्रश्न: ताई, मी फॅशन डिझायनिंगच्या सेकंड इयरला आहे, फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँवर प्रेझेंटेशन द्यायचंय. 2014 मध्ये त्याच्यावर एकाच वर्षात दोन सिनेमे आले ना, जलिल लेस्पेरचा 'ईव्ह सां लोराँ' आणि बर्त्राँ बोनेलोचा 'सां लोराँ'. मैत्रीण म्हणते पहिल्यात ओरिजिनल कपडे वापरलेत त्यामुळे तोच ऑथेंटिक, दुसरा बघूच नको. बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. लेस्पेरच्या सिनेमाला पियेर बेर्जेचा पूर्ण पाठिंबा होता. बेर्जे म्हणजे सां लोराँचा आयुष्यभराचा जोडीदार आणि धंद्याचा सगळा हिशोब बघणारा माणूस, 2008 मध्ये सां लोराँ गेल्यावर वारसा त्याच्याच हातात होता. त्याने सां लोराँचे कपडे जपणाऱ्या फाउंडेशनच्या कपाटातले जपून ठेवलेले सत्तरहून जास्त पोशाख शूटिंगला दिले, अव्हेन्यू मार्सोवरचा खरा स्टुडिओ उघडून दिला. त्यामुळे रॅम्पवरचे सीन आले की पॉज करून कापड बघत बस, कारण ते कापड खरंच त्या काळातलं आहे. आणि सां लोराँ झालेला पियेर निने! आवाज, चष्मा, खांदे आत ओढून चालणं, सगळं इतकं हुबेहूब की थोडी भीतीच वाटते. बेस्ट ॲक्टरचा सेझार (म्हणजे फ्रान्सचा मोठा फिल्म अवॉर्ड) त्यालाच मिळाला.

आता उरलेलं अर्धं. बोनेलोला बेर्जेने परवानगी दिली नाही, उलट जाहीर विरोध केला, त्यामुळे एकही ओरिजिनल कपडा मिळाला नाही आणि कॉस्च्युम डिझायनर अनाईस रोमाँला सगळं नव्याने उभं करावं लागलं. आणि मजा बघ, कॉस्च्युमचा सेझार तिला मिळाला! दहा नॉमिनेशन्समधून त्या सिनेमाला मिळालेला तो एकच सेझार.

मला विचारशील तर यात आश्चर्य काहीच नाही. म्युझियमचा कपडा उसवता येत नाही, आत घेता येत नाही, घामाने भिजवून चालत नाही, त्यामुळे तो अंगात असला तरी अंगाचा होत नाही, जपून वापरतायत हे कळतं. नवीन शिवलेला कपडा नटीच्या मापाचा असतो, तो घालून ती लोळेल, नाचेल, सिगारेट ओढेल. सत्तरच्या दशकातल्या पॅरिसच्या क्लबांमधले बोनेलोचे लांबच लांब सीन त्यामुळेच खरे वाटतात (पस्तीस एमएम फिल्मवर शूट केलंय, रंगसुद्धा त्या काळचेच वाटतात).

बोनेलोच्या सिनेमातला तुझ्या कामाचा सीन सांगते. एक साधीशी बाई पँटसूट ट्राय करतेय, आरशासमोर अवघडून उभी आहे, हे फारच पुरुषी दिसतंय असं तिला वाटतंय. सां लोराँ तिचे केस मोकळे करायला लावतो, बेल्ट बदलतो, दागिना देतो, उभं कसं राहायचं ते दाखवतो. कपडा तोच आणि दोन-तीन मिनिटांत बाई वेगळी! 1966 मध्ये त्याने बायकांसाठी टक्सीडो (पुरुषांचा पार्टीचा काळा सूट) काढला त्याचा एवढा गाजावाजा का झाला ते लेक्चरपेक्षा या सीनमध्ये लवकर कळेल. शिवाय ॲटेलिए म्हणजे शिवणघर, तिथल्या पांढऱ्या कोटातल्या बायका, टाचण्या, कच्ची शिलाई, परत उसवणं, हेही यातच नीट दिसतं. त्यातल्याच एका शिवणाऱ्या मुलीला गर्भपातासाठी पैसे हवे असतात, साहेब गोड बोलून देतात आणि मागाहून तिला कामावरून काढायला सांगतात. वारसदाराच्या परवानगीने काढलेल्या सिनेमात असा सीन येईल का, तूच सांग. लेस्पेरच्या सिनेमात नशा, मारामाऱ्या, लफडी सगळं आहे, अगदीच आरती ओवाळलेली नाहीये, पण गोष्ट सांगणारा आवाज बेर्जेचा आहे आणि शेवटी सांभाळून घेणारा शहाणा माणूसही बेर्जेच.

काळाचं म्हणशील तर बोनेलो फक्त 1967 ते 1976 धरतो, मध्येच म्हातारा सां लोराँ येतो तेवढाच (हेल्मुट बर्गर, जबरदस्त). म्हणजे 1957 मध्ये त्याचा बॉस, डिझायनर क्रिस्तियाँ डिओर, गेल्यावर एकविसाव्या वर्षी अख्ख्या फॅशन हाऊसची जबाबदारी, 1960 चं सैन्यातलं बोलावणं, हॉस्पिटल, 1962 चं स्वतःचं पहिलं कलेक्शन, हे सगळं हवं असेल तर लेस्पेरच बघ. एक इशारा मात्र, 1965 चा मॉन्ड्रियान ड्रेस (मॉन्ड्रियान या चित्रकाराच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून केलेला). सिनेमा बघून वाटतं चित्रांचं पुस्तक चाळलं आणि ड्रेस झाला. प्रत्यक्षात त्या ड्रेसवरचे चौकोन छापलेले नाहीत, प्रत्येक रंगाचा लोकरी जर्सीचा तुकडा वेगळा कापून जोडलाय आणि अंगाला आकार देणाऱ्या टिपा त्या जोडांच्या जाळीत लपवल्यात, म्हणून समोरून सपाट चित्र दिसतं आणि तरी फिटिंग बसतं. प्रेझेंटेशनमध्ये हे टाक, सर खूश होतील.

वेळ कमी असेल तर कपड्यांच्या फोटोंसाठी लेस्पेर पळवत बघ आणि बोनेलो पूर्ण बघ, अडीच तासांचा आहे, चहा घेऊन बस.

प्रश्न: फॅशन डिझायनर कोको शनेलवरचा, ऑद्रे तोतू या नटीचा सिनेमा या हिशोबात कुठे बसतो? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: 'कोको बिफोर शनेल', 2009 चा. कपड्यांना पैकीच्या पैकी, त्यालाही कॉस्च्युमचा सेझार मिळालाय. पुरुषांचे शर्ट, साध्या टोप्या, कॉर्सेटला (कंबर आवळणाऱ्या कपड्याला) सुट्टी, हे कसं सुचत गेलं ते छान उलगडतं. पण नावातच 'बिफोर' आहे, नाव झालं की सिनेमा संपतो. त्यामुळे जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये बाई रिट्झ हॉटेलात एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर राहत होत्या, तो भाग यात येतच नाही. तो हवा असेल तर चरित्रं वाचावी लागतील.